गालातले चार तास

सरांबद्दल लिहायला बसले तेव्हा सवयीप्रमाणे आधी मुद्द्यांची यादी केली. एकतीस मुद्दे निघाले. त्यातले बारा एकट्या त्यांच्या डाव्या गालाचे होते. तेव्हा गालापासूनच सुरुवात करते.

आमचं औषधनिर्माणशास्त्राचं कॉलेज वणीच्या रस्त्याला लागून आहे. कोळशाचे ट्रक दिवसभर जात असतात. खिडकीच्या गजांवर बसलेली काळी पूड पुसून घेणं हे माझं सकाळचं पहिलं काम. मी प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळते. कुठली बाटली कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, डावीकडून कितवी, हे मी न उठता सांगू शकते. सरांना मात्र आपली स्कूटर कुठे आहे हेही सांगता येत नसे. एकदा ते विचारांच्या तंद्रीत पायीच घरी गेले आणि स्कूटर चोरीला गेली म्हणून घरून मला फोन केला. स्कूटर माझ्या स्टोअरच्या दारात, किल्लीसकट उभी होती.

रोज सकाळी दहाला सर प्रयोगशाळेत येत. बशीतली नखाएवढी पारदर्शक चकती चिमट्यानं उचलत, गालाच्या आतल्या बाजूला चिकटवत, वरून बोटानं दाबत आणि मला खूण करत. मी वहीत वेळ लिहायची. दहा वाजून चार मिनिटं. तिथून पुढे एक तास सर एक अक्षर बोलत नसत. बोललं की गाल हलतो आणि गाल हलला की चकती सुटते. पहिल्या तासात तिची आणि गालाची सोयरीक जुळू द्यायची, असं त्यांचं म्हणणं. एकदा जुळली की मग ती चार तास टिकली पाहिजे आणि चार तासांनी मागे काहीही न ठेवता विरून गेली पाहिजे. एवढ्या एका गोष्टीसाठी सरांनी आयुष्यातली अकरा वर्षं आणि डावा गाल खर्ची घातला होता.

या मौनाचे फायदे होते. तोंडी परीक्षा सर मुद्दाम त्या तासात घेत. मुलगा समोर बसला की सर कागदावर लिहिलेला प्रश्न पुढे सरकवत आणि नुसते बघत राहत. मुलगा काहीतरी सांगायचा. सर बघतच राहायचे. मुलगा घाबरून आणखी सांगायचा. असं बोलत सुटलेलं पोर कधी ना कधी बरोबर उत्तरावर येऊन धडकायचंच. सरांच्या विषयाचा निकाल कॉलेजात सगळ्यात चांगला लागे.

सरांच्या पत्नीनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, रविवारी घरी लावाले एक-दोन चकत्या देता काय जी?"

मुलं त्यांना 'विरघळे सर' म्हणत. हे त्यांना माहीत होतं. एकदा हजेरीच्या रजिस्टरवर कुणीतरी खोडसाळपणे तेच नाव लिहिलं, तर सरांनी त्यापुढे सही केली.

त्यांचा विषय समजावून सांगायला अवघड, पण त्यांना ऐकलं की सोपा वाटे. पॉलिमर म्हणजे एकाच प्रकारच्या मण्यांची लांबच लांब माळ. कापसाचा धागा ही अशीच माळ, आणि झाडाचा डिंकही बहुतेक असाच. काही माळा शरीरात गेल्या की ओलाव्यानं हळूहळू तुटतात, विरतात. अशा माळेत औषध गुंफून ठेवलं तर माळ तुटेल तसं ते थोडं थोडं बाहेर येतं. हे मी लिहिलं. सर हेच वर्गात असं सांगत:

"समजा, औषध म्हंजे वणीहून यवतमाळले निंगालेले प्रवासी. साधी गोळी म्हंजे काय? मारेगावलेच एसटी उलटली, समदे एकदम खाली! आपलं पॉलिमर म्हंजे शिस्तीची एसटी. मारेगावले दोन उतरवन, करंजीले चार, जोडमोह्याले तीन. आन् यवतमाळले शेवटचा मानूस उतरला, का एसटीच गायब! डेपोत नेऊन लावाची कटकट नाही."

मागून एकानं विचारलं, "सर, मग कंडक्टर?"

"तोबी गायब. पेन्शन नाही, काही नाही."

ऑपरेशन होऊन आलेला माणूस दिसला की सर तब्येत विचारायच्या आधी टाके विचारत. "काढाचे का विरनारे?" एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झाल्याचं त्यांना कळलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत मामा आपला सदरा खाली ओढून धरत होते आणि सर त्यांना विनवत होते.

गालाकडे ते वळले त्याला कारण खर्रा. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून खर्रा करतात. तो गालात धरून माणसं नांगरतात, ट्रक चालवतात, सरकारी कागदांवर सह्या करतात. काही वर्षांनी गालाची आतली कातडी पांढरी पडते, ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. तिखट लागलं की आगीचा डोंब उसळतो. त्यावर मलम लावलं तर लाळेबरोबर दहा मिनिटांत पोटात जातं. सर एकदा झरी जामणीला डिंक आणायला गेले असताना पारावर बसलेल्या मंडळींकडे बघून त्यांच्या मनात आलं, "खर्रा गालात तासभर बसते, तं औषध काहून नाही बसनार?"

बाकीचं कॉलेज या प्रश्नावर हसलं. सरांनी धावड्याचा डिंक उकळायला घेतला.

डिंक आणून द्यायचे भीमाभाऊ. झरी जामणीकडच्या एका पोडावरचे, म्हणजे कोलाम वस्तीवरचे, साठीच्या घरातले, काटक. धावड्याच्या कुठल्या झाडाचा डिंक कोणत्या महिन्यात कसा असतो हे त्यांना तोंडपाठ होतं. तोंड मात्र उघडत नव्हतं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. भीमाभाऊंच्या तोंडात दीड मावायचं. भाकर दुधात कालवून, तीही गार करून खायचे, कारण कोमटसुद्धा झोंबायचं. खर्रा त्यांनी सोडला होता, पण गालानं त्यांना माफ केलं नव्हतं.

त्यांची आणि सरांची दर खेपेला एकच भांडण चालायचं.

"सर, देऊन टाका ना एक चकती. मी कोनाले सांगत नाही."

"नाही भीमाभाऊ. औषधाची चकती तुमच्या तोंडात परवानगीशिवाय नाही टाकत मी."

"डिंक माह्या झाडाचा. गाल माहा. मंग परवानगी कोनाची?"

 सर म्हणत, "पयला नंबर तुमचा. शब्द देतो." आणि मला सांगत, "मॅडम, लिवून ठेवा." मी लिहून ठेवलं होतं. भीमाभाऊ गेले की सर मला हळूच बजावत, "बाई, आवळलेलं तोंड यानं उघडनार नाही बरं. आग कमी होईन. गरम भाकर खाता येईन. त्याहून जास्त कोनाले सांगू नका." स्वतःच्या गालात मात्र ते रोज चकती लावत, पण बिनऔषधाची, नुसत्या डिंकाची. "जे दुसऱ्याच्या गालात टाकाचं, ते अगोदर आपल्या," हा त्यांचा नियम. गालाचा पुरावा कुणी धरत नाही, पुरावा चकतीची पकड मोजणाऱ्या यंत्राचाच लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. यंत्रावरच्या नोंदी वेगळ्या होत्या आणि त्या मीच ठेवत होते, म्हणून त्या नीट होत्या.

आता माझं आणि सरांचं भांडण सांगते. ते लेबलांवरून होतं.

टिकणाऱ्या वस्तूंचा सरांना मनापासून राग. भेट मिळालेली स्मृतिचिन्हं ते आमच्या कॉलेजच्या बागेत कुंड्यांखाली टेकू म्हणून लावत. प्लास्टिकचं पेन नको, शाईचं हवं. प्रयोगाच्या काचेच्या बशांना लावायला मी छापील चिकटपट्ट्यांचं पाकीट मागवलं, तर म्हणाले, "ज्या कपाटात विरनाऱ्या वस्तू, तिथं हे न विरनारं लेबल? काहीतरी लाज ठेवा." मग दर सोमवारी एका वाटीत धावड्याच्या डिंकाची खळ कालवायची, जुन्या उत्तरपत्रिकांचे तुकडे करायचे, त्यावर शाईनं आकडे लिहायचे आणि बोटानं चिकटवायचे. माझ्या दर वर्षीच्या शिल्लक यादीत 'चिकटपट्ट्या, एक पाकीट, न फोडलेलं' ही ओळ तीन वर्षं होती.

शेवटची चाचणी लागली ती मार्चमध्ये. चकत्यांचे पाच प्रकार, प्रत्येकी बारा बशा. सहा महिने साध्या कपाटात, साध्या हवेत ठेवायच्या आणि मधून मधून काढून बघायचं की चकती अजून चार तास टिकते का. एसीची खोली रिकामी होती, पण सर म्हणाले, "भीमाभाऊच्या घरी एसी हाय काय?" सहा महिने पुरे झाले की नागपूरच्या एका दंत रुग्णालयातले दोन डॉक्टर येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर ते रीतसर परवानगी मागून रुग्णांवर चाचणी घेणार. नाही पटलं तर संपलं, कारण फेब्रुवारीअखेर सर निवृत्त होत होते आणि ते कपाट प्राचार्यांना परीक्षा विभागासाठी हवंच होतं.

बशा सरांनी कपाटात चिठ्ठ्या टाकून लावल्या. सतराशेजारी चार, चाराशेजारी एकेचाळीस. एकाच प्रकारच्या सगळ्या बशा एका कोपऱ्यात नकोत, कोपऱ्याचा ओलावा वेगळा असतो, हे त्यांचं कारण मला कळत होतं. डोळ्यांना पटत नव्हतं. मी कुणी न सांगता एक यादी करून ठेवली. कुठल्या फळीवर डावीकडून कितवी बशी कोणती. सरांनी फक्त एकच सांगितलं, "मी नसताना कपाटाले हात लावाचा नाही."

पहिल्या तीन महिन्यांत पंधरा बशा काढून तपासल्या. सगळं उत्तम. उन्हाळाच होता. मग पाऊस लागला. उरलेल्या पंचेचाळीस बशा आता सप्टेंबरातच काढायच्या होत्या.

डॉक्टर यायला दोन दिवस उरले. सर डिंक आणायला झरी जामणीला गेले होते. मी माझ्या तयारीच्या यादीतल्या एकेका ओळीवर रेघ मारत कपाटापाशी आले आणि दार उघडलं. फळ्यांवर बुरशी, बशांवर धूळ, वाकड्यातिकड्या पिवळ्या चिठ्ठ्या. नागपूरची माणसं हे बघणार होती. मी विचार केला की फळ्या पुसून घ्यायला अर्धा तास पुरे, यादी आपल्याकडे आहेच. आमच्या मदतनीस शालूबाईंना हाक मारली. दोघींनी बशा एकेक करून टेबलावर काढल्या. मला वस्तू नुसत्या ठेवता येत नाहीत, म्हणून पाच-पाचाच्या सुरेख चळती रचल्या, मोठ्या बशा खाली, लहान वर. तेवढ्यात प्राचार्यांनी बोलावलं. जाता जाता शालूबाईंना सांगितलं, "फळ्या चांगल्या वाळू द्या हं."

मी परत दारात आले तेव्हा शालूबाईंनी फळ्या वाळाव्यात म्हणून नुकताच पंखा लावला होता.

पावसाळ्याच्या दमट हवेनं धावड्याच्या खळीची पकड केव्हाच गेली होती. चिठ्ठ्या बशांच्या झाकणांवर चिकटलेल्या नव्हत्या, नुसत्या बसलेल्या होत्या. आता त्या उठल्या.

"बाप्पा! हे काय उडून राह्यलं?"

"शालूबाई, पंखा! पंखा बंद करा!"

"करतो ना जी!" म्हणत त्यांनी बटण फिरवलं ते उलट बाजूला. पंखा भरात आला. सगळ्यांत खालच्या बशांवरच्या चिठ्ठ्याही चळतींतून सुळकन निघाल्या. काही माझ्या केसांत, काही शालूबाईंच्या पदराला, एक खिडकीतून वणीच्या रस्त्यावर.

पंखा थांबला. टेबलावर पंचेचाळीस कोऱ्या बशा, अगदी नीट रचलेल्या. माझ्या हातात कोणती बशी कुठे होती याची अचूक यादी, आणि आता कुठलीच बशी तिथे नव्हती. सरांनी चिकटपट्ट्या वापरल्या असत्या तर माझ्या चळतींनी काही बिघडलं नसतं. मी चळती रचल्या नसत्या तर त्यांच्या डिंकानं काही बिघडलं नसतं. दोघांनी मिळून हे साधलं होतं.

"सांगा आता सरायले," शालूबाई म्हणाल्या. "मी तं सांगतो का पंखा म्या लावला."

मी म्हटलं, "थांबा." आणि ते पाकीट फोडलं.

दुपारभर बसून मी चकत्या उजेडात धरून पाहिल्या. गडद दिसली ती जास्त डिंकाची, पातळ दिसली ती दुसऱ्या प्रकारची. जिथे फरक दिसेना तिथे अंदाज. पाच वाजेपर्यंत पंचेचाळीस छापील चिकटपट्ट्या लागल्या आणि एक नवी यादी तयार झाली. रकाने सरळ, अक्षर एकसारखं, एकही खाडाखोड नाही. प्राचार्य येऊन बघून गेले. "वा! कपाट असं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सर आले. दहा वाजून चार मिनिटांनी त्यांनी गालात चकती चिकटवली, खूण केली, मी वेळ लिहिली. मग त्यांनी कपाट उघडलं.

ते बराच वेळ नुसते बघत राहिले. एका चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. मग स्टुलावर बसले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. 'सर, लेबलं बदलली आहेत.' ते खरं होतं आणि रजिस्टरमध्ये घालण्यासारखं होतं. त्यांनी काहीही विचारलं असतं तर मी तेवढंच उत्तर दिलं असतं. पण त्यांना विचारता येत नव्हतं. ते बघत राहिले. मी म्हटलं, "चिठ्ठ्या सुटायला आल्या होत्या, सर." ते बघत राहिले. म्हटलं, "फळ्यांना बुरशी होती." ते बघत राहिले. तोंडी परीक्षेतल्या त्या पोरांसारखी मीही बोलत सुटले. बुरशी, चळती, प्राचार्य, पंखा, रस्त्यावर उडालेली चिठ्ठी, गडद आणि पातळ चकत्या, अंदाज. आणि बोलता बोलता बरोबर उत्तरावर येऊन धडकले. "सर, तुम्ही नको म्हणाला होतात. मी कपाट उघडलं."

पुढची चाळीस मिनिटं आम्ही दोघं गप्प होतो. इतकी लांब चाळीस मिनिटं माझ्या कुठल्याही वहीत नाहीत.

अकरा वाजून चार मिनिटांनी ते म्हणाले, "यादी दाखवा."

मी दिली. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, पान उलटलं, पुन्हा वाचली.

"बाई, यादी तं लय सुंदर हाय," ते म्हणाले. "खोटी हाय. पन सुंदर हाय."

"सर, पंचेचाळीसातल्या तीस तरी बरोबर असतील."

"कोन्त्या तीस?"



सरांनी यादी घडी घालून मला परत दिली. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते. "गालात टिकवाले निंगालो होतो मी, अन् माहा डिंक कागदावर एक पावसाळा नाही टिकला!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "भीमाभाऊले काय सांगू?" त्या वाक्यानं मला जे झालं ते कशानंही झालं नसतं.

डॉक्टर आले. एक उंच, कंटाळलेले, आणि एक बाई, कडक इस्त्रीच्या. प्राचार्यांनी अभिमानानं कपाट उघडून दाखवलं. सर म्हणाले, "हे पाहू नका. लेबलं खोटी हायेत. मी डिंकानं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या सुटल्या. तीन महिन्यांपर्यंतचं खरं हाय, त्यापुढचं काही सांगता येत नाही." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तेव्हा मलाच उभं राहावं लागलं. "कपाट मी उघडलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी नको सांगितलं असताना."

प्राचार्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी इथे करत नाही. मला अजून नोकरी करायची आहे.

त्या कडक बाईंना हसू आलं. "म्हणजे उघड्या हवेत तुमचा डिंक ओलावा धरतो, एवढं तर सिद्ध झालं," त्या म्हणाल्या. "मग चकत्यांना बंद पाकीट द्या आणि सहा महिने पुन्हा करा. आम्ही थांबू."

सर हिशेब करत होते. ऑक्टोबर ते मार्चअखेर. ते फेब्रुवारीअखेर जाणार. प्राचार्य म्हणाले, "सर गेल्यावर जबाबदारी कोणाची? आणि ते कपाट तर..."

"कपाट स्टोअरच्या यादीत आहे," मी म्हटलं. "आणि स्टोअर माझ्याकडे आहे."

बारीकशी गोष्ट होती, पण आयुष्यात एखाद्या यादीचा इतका उपयोग मला कधी झाला नव्हता.

ऑक्टोबरात पुन्हा साठ बशा लागल्या, चकत्या बंद पाकिटांत आणि बशांवर छापील चिकटपट्ट्या. सरांनी त्यांकडे बघितलं नाही, पण विरोधही केला नाही. फक्त एका बशीवर, हट्टानं, आपली पिवळी चिठ्ठी डिंकानं लावली. मी तिच्याखाली हळूच एक चिकटपट्टी लावून ठेवली. दोघांनाही हे माहीत होतं.

निरोप समारंभ झाला तो होळीच्या तोंडावर. सरांनी आधीच बजावलं होतं, शाल नको, स्मृतिचिन्ह नको, टिकणारं काही नको. मुलांनी विचार करून बाजारातून साखरेच्या गाठ्यांची सगळ्यात मोठी माळ आणली आणि सरांच्या गळ्यात घातली. प्राचार्य पाऊण तास बोलले. त्यांनी सरांच्या 'चिरस्थायी कार्याचा' उल्लेख केला तेव्हा सर माळेतली चौथी गाठी मोडून तोंडात टाकत होते. भाषण संपलं तेव्हा गळ्यात नुसता दोरा होता. तो सुती आहे की नायलॉनचा हे त्यांनी जाळून तपासलं आणि सुती निघाल्यावर खिशात ठेवला.

मग ते दिग्रसजवळच्या आपल्या गावी राहायला गेले आणि कपाट माझ्याकडे आलं. फळ्यांवर धूळ बसली. मी पुसली नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या बशा काढल्या. पाचांपैकी दोन प्रकार कडक होऊन तडकले होते. दोन दीड तासातच सुटले. पाचवा यंत्रावर चार तास टिकला, आणि मग विरला. मी तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच. कागद नागपूरला पाठवले. पण सरांचा नियम होता, आणि गाल आता त्यांचा इथे नव्हता. मी त्याच प्रकारची बिनऔषधाची चकती चिमट्यानं उचलली आणि माझ्या गालाला लावली. वहीत लिहिलं, दहा वाजून चार.

साडेदहाला भीमाभाऊ आले. सर नसले तरी त्यांचं येणं थांबलं नव्हतं. डिंकाची थैली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडमबी गप? मंग आता मी भांडू कोनासंगं?"

मी वही दाखवली. ते स्टुलावर बसून राहिले, शालूबाईंशी गावच्या गप्पा मारत. तास उलटून गेला तरी मी बोलले नाही. नियम एका तासाचा होता, पण मला धोका पत्करायचा नव्हता. शालूबाईंनी हे सगळ्या कॉलेजभर सांगितलं. स्टोअरच्या दारातून लोक बघून जात होते.

एक वाजता सरांचा फोन आला. मी उचलला आणि गप्प राहिले.

"हॅलो? हॅलो? बाई?" मग त्यांच्या लक्षात आलं. "गालात हाय काय? किती तास झाले? टिचक्या मारा."

मी फोनवर नखानं तीन टिचक्या मारल्या.

"तीन! हालली काय? हालली असन तं एक टिचकी मारा. नसन हालली तं काहीच करू नका."

मी नख वर धरून बसले. तिकडून सरांच्या गावातला कुणाचा तरी ट्रॅक्टर ऐकू येत होता. सर ऐकत होते. भीमाभाऊही ऐकत होते. बराच वेळ कुणी काही केलं नाही.

दोन वाजून चौदा मिनिटांनी जिभेनं गाल चाचपला. कडा नाही, चिकटपणा नाही, चव नाही. मी भीमाभाऊंपुढे तोंड उघडलं. त्यांनी वाकून, खिडकीच्या उजेडात, जत्रेत बैलाचे दात बघावेत तसं बघितलं.

"काहीच नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "माहा नंबर कवा?"

"परवानगी आली की," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नवा वाटला. मी कपाटाच्या दारामागची यादी काढून त्यांना दाखवली. ती सरांच्या सांगण्यावरून केलेली, शाईनं लिहिलेली. पहिल्या ओळीवर त्यांचं नाव होतं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले.

मी वही पुढे ओढली. सुरुवात दहा वाजून चार, शेवट दोन वाजून चौदा. शेवटच्या रकान्याचं नाव 'शिल्लक' आहे. माझ्या सगळ्या याद्यांत तो असतो, आणि तो रिकामा राहिला की मला रात्री झोप लागत नाही. त्या दिवशी मी त्यात लिहिलं, 'काही नाही.' खाली रेघ मारली आणि सरांना फोन लावला.